अंगठा बाहेर

समाजमंदिराची किल्ली गुंजाळबाईंकडे असते
आणि गुंजाळबाई असतात बहिणीकडे, सिडकोत.
म्हणून आजचा वॉर्मअप रस्त्यावर,
पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत.
एकोणीस पोरं, सात जोड ग्लोव्ह्ज.
शिवाय एक सुटा डावा.
त्याचा उजवा जळगावच्या स्पर्धेत राहिला
तो राहिलाच.

हॉलला तारखा असतात: साखरपुडा, तेरावं,
डोळे तपासणी शिबिर.
परवा बॅगेच्या हुकाला कुणीतरी पाळणा टांगला.
मी बोललो नाही काही. हूक भक्कम आहे,
मीच वेल्ड केलाय, कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत.
बाळ झोपलं होतं शांत.

पहिल्या दिवशी मी मूठ शिकवतो.
चार बोटं घट्ट, अंगठा बाहेर.
आत घातलात तर पहिल्याच ठोशाला मोडेल.
माझ्या उजव्या तर्जनीचं पेर
नव्वद टनी प्रेसखाली गेलं, दुसऱ्या पाळीत.
माझी मूठ पुरती मिटत नाही.
पोरं ऐकून शिकतात, बघून नाही.

पालक येतात तेव्हा एकच विचारतात,
सर्टिफिकेटला भरतीत किती मार्क?
मी आकडा सांगतो. ते मान हलवतात,
मटणवाल्याने भाव सांगितल्यावर हलवावी तशी.

तेजल गांगुर्डेचं वजन तीनशे ग्रॅम जास्त.
शनिवारी मालेगावला निवड चाचणी.
नाशिकच्या या थंडीत ती रेनकोट घालून
सोमेश्वरपर्यंत पळते, घाम काढायला.
मी मागे स्कूटरवर, पहिल्या गिअरमध्ये.
लोक बघतात. बघू देत.
कसं सांगू, की तीनशे ग्रॅमसाठी
मी या पोरीचं संध्याकाळचं जेवण बंद केलंय
आणि घरी जाऊन तीन भाकरी खातो.

आणि रोशन भोये चार दिवस आला नाही.

पेठकडचं घर. आई द्राक्षाच्या पॅकहाऊसला,
बाप मिस्त्रीच्या हाताखाली, काम असेल तेव्हा.
खोलीला कुलूप.
शेजारीण म्हणाली, पोराने बापाला मारलं.
कसं मारलं तेही दाखवलं तिने,
डावा हात आधी, मग उजवा.
आणि मी, सांगायला लाज वाटते,
तिच्या हाताकडे बघत
पहिल्यांदा मनात म्हणालो:
कोपर आत होतं का?

रोज सुरू करण्याआधी आम्ही ओरडतो,
एकोणीस गळे एकदम:
दोरीबाहेर हात उचलणार नाही!
दोरी मुळात नाहीच आमच्याकडे.
फरशीवर खडूचा चौकोन आहे,
लग्नात पुसला जातो.

काल त्याची आई आली. चप्पल बाहेर काढून.
हाताच्या पट्ट्या परत दिल्या,
धुतलेल्या, गुंडाळलेल्या, मी कधी गुंडाळत नाही इतक्या नीट.
म्हणाली, आता माझ्यावर हात नाही उचलत तो.
मग म्हणाली, पण पोराला घरात घेत नाही.
दोन्ही वाक्यं एकाच आवाजात.
मला वाटलं आभार मानतेय, मग वाटलं शाप देतेय.
ती गेली तरी कळलं नाही.
बाराशे रुपयांच्या लेव्हल वन कोर्समध्ये
हे नव्हतं.

आज कुलूप उघडलं साडेसहाला.
रोशन दाराशी उभा, एक पाय आत.
पोरं थांबली. दोरीवरच्या उड्या थांबल्या.
मी म्हणालो, ये. तू आज मारायचं नाही.
पॅड धर तेजलला.

तिने धरून मारले नाहीत. उपाशी होती, चिडलेली.
प्रत्येक ठोसा त्याच्या खांद्यापर्यंत जात होता
आणि तो मोजत होता, मोठ्याने, घरच्या भाषेत.
चाळीसला आवाज फाटला. मी पाठ फिरवली,
फळ्यावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

नंतर त्याचा हात हातात घेऊन बघितला.
सांधे सुजलेले. एकावर दाताची खूण.
अंगठा शाबूत.

गुंजाळबाई दारातून म्हणाल्या,
सर, उद्या हळद आहे हं.