दोनशे वीसची दोन

कारेलीबागेतून समुद्र दिसत नाही.
गच्चीवरून दिसतात पाण्याच्या काळ्या टाक्या,
विश्वामित्रीकडची झाडं,
आणि नदी चढली की
सोसायटीच्या फाटकाशी एखादी मगर.
तरी हेरंब होडी घेणार आहे.

होडी म्हणू नकोस, म्हणतो. क्रूझर.
दोन बिछाने, एक शेगडी, डोकं आपटेल असं न्हाणीघर.
भरूचच्या पुढे, नर्मदा जिथे खारी होते, तिथे बांधायची.

छत्तीस वर्षं यानं प्रतापनगरच्या शेडमध्ये
डिझेल इंजिनं उघडली. मी हिशेबखात्यात.
म्हणून रकाने माझे:
डावीकडे एकच इंजिन, तीनशे सत्तर अश्वशक्तीचं,
उजवीकडे दोनशे वीसची दोन.
ताशी तेल. वजन. फिल्टर, पट्टे, इम्पेलर.
उजवीकडचं सगळं गुणिले दोन.

"एक बंद पडलं तर दुसरं घरी आणतं," हेरंब म्हणतो.
"खंबातच्या आखातात ओहोटी कशी धावते माहितेय?
तिथे एकाच इंजिनावर…"
उरलेलं वाक्य मी भरायचं.
लग्नापासूनचा शिरस्ता.

केयूर सुरतेहून आला, टॅब्लेट घेऊन.
जुन्या मॉडेलला सुकाणूशेजारी दार होतं,
नव्यात तिथे फ्रीज.
"मासी, फ्रीज तो जोइए ज ने."
हेरंबनं विचारलं, धक्क्याला लागताना
एकट्या माणसानं सुकाणू सोडून दोरी फेकायची कुठून?
केयूरनं पुढचं चित्र सरकवलं.

चौतीसची छत्तीस झालीय.
वाढली कुठे, मी विचारलं.
मागे. पोहायला उतरायची फळी
आता लांबीत धरतात.
साचा तोच, काच मोठी, आकडा मोठा.
आमच्या खात्यात एका एप्रिलमध्ये
सगळ्यांची पदनामं बदलली होती,
खुर्च्या त्याच, एका पायाखाली पुठ्ठा.

"टाक्या किती?"
"टाकी एक, मासी. मोठी आहे."
म्हणजे दोघं पिणार एकाच टाकीतून.
तेलात पाणी शिरलं
तर दोघंही थांबतील, एकाच लाटेवर.
हेरंबनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
असं तो शेडमधून हरून आल्यावर करायचा.

रविवारी पहाटे खडू घेऊन गच्चीवर गेला.
कागदावरचं इंजिनघर, एकास एक मापात,
टाक्यांच्या सावलीत आखलं.
दोन इंजिनं, मधे वीतभर जास्त हात.
मग त्या फटीत आडवा झाला,
बनियनवर, पोटासकट.
उजवा खांदा कोपरापर्यंत इंजिनात.
"पलीकडचा फिल्टर?" मी विचारलं.
हात लांबवला. बोटं हलली.
"पोचत नाही."
जरा वेळानं, आभाळाकडे बघत:
"पंचविशीत पोचला असता."

ओल्या फडक्यानं मीच दोन्ही पुसली.
मधोमध एक आखलं, धीरानं.
तो डावीकडे बसला.
उजवीकडे जागा होती,
मी बसले.
इंजिनावरून हात पुढे करून म्हणाला,
"अकराचा पाना दे."
मी चष्म्याचं घर दिलं.
"हा अकराचा?"
"हाच."

जुनंच मॉडेल बघायला जाणार आहोत, दाराचं,
सहाशे चाळीस तास चाललेलं.
लाकडी मुठीचा पेचकस त्यानं पिशवीत घालून ठेवलाय:
टोक इंजिनाला, मूठ कानाला.
ऐकल्याशिवाय सही नाही.
रकान्यांच्या खाली मी अजून बेरीज मारलेली नाही.

संध्याकाळी कपडे काढायला वर गेले
तर दक्षाबेननं पापड वाळत घातले होते
बरोब्बर आमच्या इंजिनावर,
रेघेबाहेर एकही नाही.