मंगळवार, अकरा ते एक

कागद अंबडच्या कारखान्यातला आहे,
एका बाजूला डिलिव्हरी चलन:
टेन्शन स्प्रिंग, तार एक मिलिमीटर, नग बाराशे.
कोऱ्या बाजूला मी आठ रकाने आखलेत,
आठ सत्रं, चार वर्षं,
पट्टी सापडली नाही म्हणून बसच्या पासाच्या कडेने.

डावीकडे गणित, उजवीकडे भौतिकी.
मधली रेघ तीनदा खोडली.
सदिशांचं कलन संपवल्याशिवाय
विद्युतचुंबकत्वाला हात लावू नये,
एवढं मलाही कळतं.
पण कलन आहे चौथ्या सत्रात
आणि विद्युतचुंबकत्व तिसऱ्यात,
म्हणजे कुणीतरी आधी पानं वाढलीत
आणि मग गॅस पेटवलाय.

कॉलेज रोडच्या त्या खिडकीत कुलथे मॅडम बसतात,
चष्मा कपाळावर, स्टेपलर हातात.
"मेजर एक, मायनर एक.
दोन्ही मेजर नाही चालत बाळा, पोर्टल घेतच नाही."
मी म्हटलं, मग उपयोजित गणित मेजर.
"उपयोजित म्हणजे?"
मागच्या मुलाने घसा खाकरला,
रांग पार सायकल स्टँडपर्यंत.
मी काय सांगितलं ते आता आठवत नाही.
त्यांनी वेळापत्रक माझ्याकडे फिरवलं
आणि पेनचं टोपण एका चौकोनावर ठेवलं.
मंगळवार, अकरा ते एक:
संमिश्र विश्लेषण, खोली एकवीस.
प्रकाशिकीचं प्रात्यक्षिक, तळमजला.
"आता तूच सांग, कुठे बसशील?"

सिडकोच्या बसमध्ये उभीच होते.
त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला इंजिन संथ झालं
की खिडकीची एकच काच थरथरायची,
बाकीच्या गप्प.
बस निघाली की तीही गप्प.
ही काच कुणाची?
खोली एकवीसची, की तळमजल्याची?

पिंपळगावहून मावशीचा फोन.
"इंजिनिअरिंगचे मार्क असून बी.एस्सी.?
एक्स्पोर्टची द्राक्षं, आणि बेदाणे करायला निघालीस!"
बेदाण्यालाही भाव असतो,
हे मी फोन ठेवल्यावर म्हटलं.

पप्पा दुसऱ्या पाळीहून साडेबाराला आले.
बाराशे नगांतला मऊ नग त्यांच्या अंगठ्याला कळतो,
गेजचा नंबर नंतर.
हात धुऊन त्यांनी माझा कागद वाचला,
प्रत्येक रकान्यावरून बोट फिरवत,
मग उलटून चलनसुद्धा.
"ह्या दोघांचं भांडण कशावरून आहे?"
मला सांगता येईना.
त्यांनी खिशातून रिजेक्ट झालेली एक स्प्रिंग काढली,
ग्रिलला अडकवली, खाली दाराचं कुलूप.
वीस हेलकावे. मोबाइलवर अकरा सेकंद.

"दोन कुलपं लावली तर बावीस?"
नाही, मी म्हटलं, वर्गमूळ लागतं,
साडेपंधराच्या जरा पुढे.
गच्चीचं कुलूप त्याच कंपनीचं निघालं.
वीस हेलकावे.
पंधरा पूर्णांक तीन.
पुन्हा मोजलं. पंधरा पूर्णांक तीन.

मी कागदावर वाकले, गुणाकार तपासला,
मोबाइलला दोष दिला, बोटाला दिला.
पप्पा भात कालवत होते.
"स्प्रिंगला स्वतःचं वजन नसतं का गं?"

तिचं एक तृतीयांश वजन धरायचं असतं.
हे एक तृतीयांश येतं समाकलनातून,
म्हणजे डावीकडून,
आणि ते धरायचं हे सुचतं
सोळा वर्षं तार हाताळलेल्या माणसाला
दोन घासांच्या मध्ये.
मी ते कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.
खाली लिहिलं: प्रात्यक्षिकाची दुसरी तुकडी
गुरुवारी असते का, विचारणे.
कलन तिसऱ्या सत्राआधी स्वतः करणे, उन्हाळ्यात.
मॅडमना चौकोन पुन्हा दाखवायला सांगणे.

खिडकी दहाला उघडते.
कुलपं दोन्ही ग्रिललाच राहिली,
दार नुसतं लोटून झोपलो.