कस

सेलमहून तो दिवाळीला आला तेव्हा
बोटांची पेरं नेहमीसारखीच तेजाबानं पिवळी.
आमच्या लेंगऱ्यातली निम्मी घरं
परमुलखात दुसऱ्यांचं सोनं गाळून जगतात,
आणि बायका इथून
पत्रात, एसटीडी बूथवर, आता व्हिडिओवर
एकच विचारत आल्यात : जेवलास का?

मला पाचवा महिना.
विट्याच्या सरकारी दवाखान्यात बोटाला सुई,
एक थेंब, पट्टीवर दोन रेघा.
मुल्ला मॅडमनी आधी दार लोटलं,
मग आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं.
म्हटलं, मराठीत काय म्हणतात?
त्या थांबल्या.
मराठीत त्याला शिवी आहे, नाव नाही.
स्टँडमागच्या भिंतीवर निळ्या रंगातला एक शब्द मात्र
मी शाळेत असल्यापासून वाचत होते :
गुप्त.

तीन आठवडे, तीन इंजेक्शनं.
पाय ओढत एसटीची पायरी चढायची.
वेळेत आलीस, म्हणाल्या, बाळ वाचेल.
नवऱ्यालाही आण.
आणि हा कागद तुझ्या परवानगीशिवाय
आम्ही कुणाला दाखवत नाही, नियम आहे.

नियम चांगला होता.
फक्त आशाताईची स्कूटी
सलग तीन मंगळवार आमच्या दारात उभी राहिली,
आणि स्कूटीला कसला नियम.

सासूनं काही विचारलं नाही.
तांब्या वेगळा झाला.
मग ताट.
मग दोरीवर माझी साडी, पार टोकाला, एकटी.

बजाबा मामा कोर्टासमोरच्या वकिलाकडं जाऊन आले.
कायद्यात सापडलंय म्हणाले, छापील आहे,
जोडीदाराला लागण होणारा गुप्तरोग असला
तर काडीमोड मागता येतो.
मी तिथंच भाकरी थापत होते.
मामा माझ्यावरून बोलत होते,
जसं गोठ्यात म्हशीवरून बोलतात.

पण वकील म्हातारा, खोडकर असावा.
त्यानं जे विचारलं तेही मामांनी
भोळेपणानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं :
पोराचं रक्त तपासलंय का?

भाकरी करपली. कुणी बोललं नाही.
हणमंतानं मान वर केली नाही.
हाच माणूस, ज्याच्यापुढं कुठलाही दागिना ठेवा,
काळ्या दगडावर रेघ ओढतो,
वर तेजाबाचा थेंब,
आणि सांगतो किती खरं, किती तांबं.

रात्री त्याच्या ट्रंकेतला तो दगड काढला,
शेजारी माझा कागद ठेवला.
म्हटलं, लाव कस.
कायद्याला तोंड दोन्हीकडं असतं
हे आज मलाही कळलंय.
पण मला काडीमोड नको.
मंगळवारी तू हवायस, रांगेत, माझ्या पुढं.

तो म्हणाला, गावात कळलं तर?

मला हसू आलं. पोटातलंही काहीतरी हललं.
गावाला माझं कळून चुकलंय, म्हटलं,
गुप्त आहे ते फक्त तुझं.

आला. तोंडाला रुमाल गुंडाळून,
धूळ नव्हती तरी.
नाव खोटं सांगितलं,
मुल्ला मॅडमनी मान हलवून तेच लिहिलं.
सुई पाहून डोळे मिटले त्यानं,
ज्यानं उकळत्या मुशीत
पापणी न हलवता बघत वीस वर्षं काढली.

स्टँडवर एकच भेळ घेतली.
एका कागदातून खाल्ली,
कांदा माझ्या बाजूला सारत.

घरी ओसरीवर दोन तांबे.
सासू दारात उभी.
वाटलं होतं, हा सरळ जाऊन माझ्यातलं पाणी पिईल.
नाही प्यायला.
पण बराच वेळ त्या तांब्याकडं बघत राहिला,
गिऱ्हाईकाच्या दागिन्याकडं बघतो तसा,
दर सांगायच्या आधी.