चौऱ्याऐंशी

गाडी गरम करून आणू नका,
एवढंच म्हणाले फोनवर गाजूल मिस्त्री.

तीनदा नेली होती त्यांच्याकडे,
होटगी रोडवरून सात रस्ता, तिथून अशोक चौक,
पुढच्या बोळातलं ते पत्र्याचं शेड.
तीनही वेळा अल्टो उभी राहिली
परीक्षेला बसलेल्या हुशार पोरीसारखी.
एका चावीत चालू. काटा आठशेवर,
जागचा हलला नाही.
घरी असं नसतं हो, मी म्हणायची,
घरी ती खोकते, हादरते,
फाटकापर्यंत जाताना दोनदा बंद पडते
आणि मागे दूधवाला हॉर्न वाजवत राहतो.
डॉक्टर दिसला की ताप उतरतोय बगा,
मिस्त्री हसायचे, पैसे घ्यायचे नाहीत.

म्हणून जानेवारीत, सव्वासहाला, तेच आले.
कानटोपी, लुना, पान्यांची पेटी,
आणि गाडीच्या मडगार्डवर टाकायला एक चादर,
काठ चुकलेली, नापास मालातली.
बावीस वर्षं जॉबर होतो मी त्या कारखान्यात,
चादर झटकत म्हणाले.
बंद पडला तेव्हा वाईट वाटलं असेल.
बरंच झालं की, म्हणाले. लगेच म्हणाले.

चावी फिरवा. थांबा. परत.
गाडी धरली, थरथरली, गेली.
त्यांनी डोळे मिटले होते.
शंभर मागांच्या गोंगाटात
कुठल्या मागाचा धागा तुटला हे ओळखणारा कान
माझ्या अल्टोला लावला होता.

बॅटरीला नावं ठेवू नका, ती बरी हाय.
प्लग काढून उजेडात धरला. पांढुरका.
उपाशी राहालंय हे.
मग हवेच्या नळ्यांवर फवारा मारत गेले
सांध्यासांध्याला, कुठे हवा चोरते का बघत.
कुठेच नाही.
मागच्या महिन्यात दुसऱ्या एकाने थ्रॉटल धुऊन
अकराशे घेतले होते, ते मी सांगितलं.
त्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त नाक ओढलं.

शेवटी स्टिअरिंगखाली वायर खोचली,
हातातल्या छोट्या पडद्यावर आकडे आले.
या, हे बगा.
इंजिनचं तापमान : चौऱ्याऐंशी.

काचेवर दव होतं.
मी शाल घट्ट केली.
त्यांनी उलट्या हाताने इंजिनला शिवून पाहिलं,
मला म्हणाले, तुम्ही बी बगा.
दगड.

रातभर उघड्यावर उभारलीय
आन् म्हणालीय, मी गरम हाय.
वरचा कॉम्प्युटर बिचारा ऐकतोय.
जेवून आलेल्याला कोण आग्रह करतंय?
पेट्रोल हात आखडून वाढतोय.
अर्ध्या तासानं तिचं खोटं खरं होतंय,
म्हणून माझ्या दारात येईपतोर सगळं बेस.

अंगठ्याच्या पेराएवढा सेन्सर निघाला,
पिनांमध्ये ओल शिरलेली.
नवा साडेसहाशेला, त्यांच्या खिशातच होता.
म्हणजे आधीच कळलं होतं तुम्हाला?
संशय होता. संशयावर पैसे घेत नाय मी.

पुन्हा चावी.
या वेळी ती आधी ओरडली, चौदाशेपर्यंत,
भूक लागल्यावर मूल ओरडतं तशी, हक्काने,
आणि मग सावकाश उतरत आली.
चहा त्यांनी उभ्यानेच घेतला.
उद्या सकाळी फोन करा.
चालू झाली तरी करा.

चालू झाली. केला.
बायकोने उचलला.
ते बाजूच्या बोद्धूलांकडे गेलेत, म्हणाली,
धोटा अडकालाय त्यांचा.
रोजच जातात वो पहाटे,
पैसे? कशाचे पैसे.

तिच्या मागे, भिंतीपलीकडून, माग ऐकू येत होता.
खडखडला, अडखळला, थांबला.
मी फोन ठेवला नाही.
परत सुरू झाला.