साडेबावीस इंच

मेरूपासून घोडीपर्यंत साडेबावीस इंच.
पुन्हा मोजलं. तेवढंच.
आमच्या सतारीपुढं शेंबडं पोर.

ठोकून पाहिलं तर भरीव, पाटासारखी.
आवाज ठेवायला पोटात जागाच नाही.
क्रोमच्या पत्र्याखाली दोन चुंबकं,
त्यांवर केसाहून बारीक तांब्याची तार
हजारदा गुंडाळलेली.
तीन खटके. त्यातला एक कशाचा
ते जपानातल्या त्या कारागिरालाच ठाऊक.
दांडी चार स्क्रूंनी आवळलेली.
अब्बा असते तर म्हणाले असते,
दांडी म्हणजे काय दाराची कडी आहे?

आणि मेरूच्या पुढ्यात एक जादा पडदा,
ज्याच्यावर बोट कधी ठेवायचंच नाही.
मोकळ्या तारेनंही
दाबलेल्या तारेसारखंच बोलावं, म्हणून.
त्या माणसाला मी मिरजेतनंच सलाम केला.

एस्तेरबाई गोर्डे,
मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स.
त्यांनी पंजा उघडून दाखवला, माझ्या नातीएवढा.
"मोठ्या गिटारीला माझी बोटं पुरली नसती, दस्तगीरभाई."

सातव्या पडद्याजवळचा ठिपका निराळा.
बाकीचे पिवळे पडलेले, हा पांढरा,
चार भोकांचा.
युनिफॉर्मचं बटण.
मी शिंपल्याचा तुकडा घासून तयार ठेवला होता,
तो परत डबीत टाकला.

आखूड आहे, म्हणून तार सैल लागते.
पंचमावरनं ओढली
तर कोमल निषादापर्यंत गेली, न कुरकुरता.
असल्या मिंडीसाठी आमच्याकडं
लोक बोटं फोडून घेतात.

"ॲम्प्लिफायर कुठाय?"
"होता कधी? नाइट ड्यूटीला वाजवायची मी.
वॉर्डात कुणी जागं होत नसे."
"मग ऐकायचं कोण?"
बाईंनी चष्मा पुसला.
"गिटारीचं डोकं खाटेच्या लोखंडी दांड्याला टेकवायची.
ज्याला झोप येत नसे, त्याच्या उशाशी."

त्या गेल्या. मी शटर अर्धं ओढलं.
माळ्यावरनं एक भोपळा काढला,
वाळलेला, कच्चा, अजून दांडी नाही की तार नाही.
गिटारीचं डोकं त्याला टेकवून
एकच तार छेडली.

बोलला.

पावतीवर नाव लिहून झालंय,
तारीख लिहून झालीय.
मजुरीचा आकडा तेवढा राहिलाय.