न पाहिलेला उतारा

नववी ब, घणसोली, दुपारचं सत्र.
इंग्रजीच्या पेपरात पहिलाच प्रश्न, अनसीन पॅसेज.
आपल्यात म्हणायचं तर, न पाहिलेला उतारा.
उतारा तलाठ्याकडेही मिळतो,
तिठ्यावर कुणी लिंबू-भाताचा ठेवून जातं,
आणि विंचू चावला तरी लागतोच.
पोरांना यातला कुठला आठवतो
मी कधी विचारलं नाही.

बावीस वर्षं हेच तपासते आहे.
वर एक दीपगृह, नाहीतर एखादा प्रामाणिक टॅक्सीवाला,
खाली पाच प्रश्न, पाच गुण.
पोरं प्रश्नातला मोठा शब्द बोटाने धरतात,
तोच शब्द वर हुडकतात,
आणि त्याच्यासकट आख्खं वाक्य
या फुलस्टॉपपासून त्या फुलस्टॉपपर्यंत
उचलून खाली ठेवतात.
खाडीच्या चिखलात हात घालून निवटी धरावी तसं.
हाताला लागलं ना? टाक बादलीत.
मी बरोबरची खूण करते.
निकाल ब्याण्णव टक्के.
हेडसर स्टाफरूममध्ये पेढे ठेवतात.

यंदा चाचणीच्या आधी काय सुचलं कोण जाणे,
रात्री भांडी आवरून बसले
आणि एक उतारा लिहिला
जो जगातल्या कुठल्याच भाषेत नाही.
द ग्रिंपल झोव्हड थ्री पर्लक्स निअर द ओल्ड व्हेम.
व्याकरण चोख, कर्ता-कर्म जागच्या जागी,
अर्थ औषधालाही नाही.
प्रश्न एक, हू झोव्हड द पर्लक्स?
प्रश्न दोन, व्हेअर?

त्रेपन्न पेपर.
आर्यमान भोईर, पाचपैकी पाच.
शिवानंद पुजारी, पाचपैकी पाच, अक्षर मोत्यासारखं.
नाझनीन सय्यदने तर
ग्रिंपलचा स्वभाव कसा वाटतो, याला
पदरची भर घातली,
ही वॉज काइंड अँड हार्डवर्किंग.
मी एकटीच हसले.
मग हसू कुठे गेलं ते कळलं नाही,
चहावर साय धरली.

निकिशा मढवीचा पेपर कोरा.
तळाशी पेन्सिलने, मराठीत,
"बाई, वाचता येतंय, कळत नाहीये.
जुळवून लिहिता येईल.
लिहू का?"

हीच निकिशा जूनमध्ये आली होती
मधल्या सुट्टीत, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन.
बिल्डिंग पाडणार, नवी बांधणार,
एकतीस पानं, सगळी इंग्रजी.
"पप्पांनी विचारलंय, सही करू का?
तुम्ही इंग्रजीच्या ना."
मी पानं उलटली.
व्हेअरॅज. हिअरइनआफ्टर.
चौरस फुटांचा आकडा सापडला, तो धरला.
भाड्याचा सापडला, तोही धरला.
मधली ती लांबच लांब वाक्यं,
ज्यांना सुरुवात होती पण शेवट दिसत नव्हता,
त्यांच्यावरून नजर फिरवली,
ओल्या फरशीवरून चालतो तशी, भरभर.
घंटा झाली होती.
म्हटलं, "ठीक वाटतंय गं."
तिने पिशवीला गाठ मारली
आणि थँक्यू म्हणाली, उच्चार अगदी स्वच्छ.

आता लाल पेन टेकवून बसले आहे.
नियमाने शून्य.
तिला शून्य दिलं
तर बाकी बावन्न जणांना काय देऊ,
आणि जूनमधल्या त्या बाईला?
शेजारच्या घरात कुणीतरी
पाढे म्हणतंय मोठ्याने, एकोणीसचा,
दर वेळी एकशे तेहेतीसला अडखळतंय
आणि पुन्हा एके एकोणीस.

चौकट रिकामी ठेवली.
तिच्या ओळीखाली लिहिलं,
नको लिहूस.
मग पान संपत आलं होतं म्हणून
बारीक अक्षरात, कडेला, उभं,
तो करार पुन्हा आण.
सही झाली असली तरी आण.
मी तो वाचलेला नाही.