खुंटी

मिरजेत, दुपारी तीनची वेळ.
आरवाडे मॅडमनी आरशाच्या दांड्यानं
माझ्या खालच्या दाढेवर टकटक केलं.
दाढ माझी नाही. चार वर्षांपूर्वी
हाडात पिळून बसवलेली, विकतची.
त्या काही बोलायच्या आत मला कळलं,
आवाज बसलाय.

चाळीस वर्षं खुंट्या बसवतोय.
घट्ट खुंटी कशी बोलते
आणि भोवतीचं लाकूड सोडत चाललेली कशी,
हे झोपेतही सांगेन.

पडद्यावर फोटो:
राखाडी हाडात पांढराधोप स्क्रू,
त्याच्या गळ्याशी काळी वाटी.
"तीन आटे उघडे पडलेत," मॅडम म्हणाल्या.
विडी? नाही. साखर? नाही. तंबाखू?
शिवलो नाही कधी.
ब्रश दोन्ही वेळा, वर ती बारकी कुंचली
फटीतून फिरवतो, पॉलिशवाल्याच्या हातानं.
मग त्यांचं पेन थांबलं.
"वडलांचे दात?"

अब्बा तंबोऱ्याची दांडी दातांत धरून सूर बघायचे,
डोळे मिटून.
कानाला चुकतं ते हाडाला कळतं, म्हणायचे.
त्रेचाळिसाव्या वर्षी पुढचे चार गेले,
मग एकेक, न दुखता,
शेवटी हनुवटी टेकवायचे लाकडाला.
पानामुळे, असं आम्ही म्हणायचो.
सगळी गल्ली म्हणायची.
अम्मी तर पानदानाशी
मरेपर्यंत बोलली नाही.

मॅडमनी गालाच्या आतून कापूस फिरवला,
नळीत घालून पुण्याला पाठवला.
महिन्याभरानं कागद आला.
एका जागी एक अक्षर वेगळं.
त्यामुळे म्हणे हिरडीला जरा खरचटलं
तरी माझं अंग गरजेपेक्षा जास्त पेटतं,
जंतू मरतात की नाही कोण जाणे,
हाड जळतं.
"म्हणजे हेच कारण?"
"कारण नाही म्हणणार. कल म्हणेन."

कल.
लाकडाचा कल मला नका शिकवू, म्हणणार होतो,
पण जबडा भुलीनं जड झालेला
आणि त्या आत साफ करत होत्या,
आट्याआट्यातून.
तूण मी निवडून घेतो,
बोटानं वाजवून, चार फळ्या परत पाठवून.
हे लाकूड कुणी निवडलं?
अब्बांनाही न विचारताच मिळालेलं.

अम्मीचं पानदान अजून आहे.
त्यात खडू ठेवतो,
घसरत्या खुंटीला लावायला.
आज घरी येऊन ते पुसलं,
उगाच, बराच वेळ.

समोर तहसीन बसलेली. एकोणीस वर्षांची.
माझ्यापेक्षा तिची जवारी बरी लागते,
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.
तारेखाली दोरा सरकवला,
सूर उघडला,
आणि उरलेला दोरा तोडायला
तिनं तो दातांत धरला.

वाटलं, म्हणावं, तोंड उघड बघू.
म्हटलं,
कात्री घे.